रिकाम्या महिन्यांचा हिशेब

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघेजण बसलेले असतात. त्यांपैकी एकाच्या हाती उमेदवाराचा बायोडेटा असतो. पदवी, गुण, अवगत भाषा यांवरून त्याची नजर भराभर खाली उतरते आणि एका ठिकाणी अडते. एक नोकरी जून २०२१ मध्ये सुटलेली आहे आणि त्यानंतर २०२४ पर्यंत कोणत्याही आस्थापनेचे नाव नाही. मग तो ठरलेला प्रश्न येतो, ‘‘मधल्या काळात आपण काय करीत होता?’’ प्रश्न साधा असला तरी विचारणाऱ्याचा सूर बहुधा साधा नसतो. उमेदवार सांगतो, ‘‘स्वतंत्रपणे कामे घेत होतो, फ्रीलान्स.’’ तिघांपैकी एकजण हलकेच मान हलवतो. ‘फ्रीलान्स’ हे बेकारीला दिलेले एक बरे नाव आहे, असा त्या मान हलवण्याचा अर्थ असतो आणि तो उमेदवाराला बरोबर कळतो.

हा प्रसंग आता विरळा राहिलेला नाही. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख लोक नेहमीच्या मालक-नोकर संबंधाबाहेर राहून कामे करीत होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा त्या अहवालाचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळजण वाहने चालविणारे वा घरपोच माल पोहोचविणारे आहेत. परंतु भाषांतरकार, मुद्रितशोधक, नकाशे काढणारे, हिशेब लिहिणारे, चित्रफितींचे संकलन करणारे, संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे असा सुशिक्षितांचा मोठा वर्गही आज कंत्राटावर वा सुट्या कामांवर जगतो आहे. यांतील अनेकांना पुढे केव्हातरी कायम नोकरी हवीशी वाटते. घरी मुले मोठी होतात, आईवडील थकतात, दरमहा ठरल्या तारखेला येणाऱ्या पगाराची गरज भासू लागते. अशा वेळी ज्या वर्षांत त्यांनी सर्वांत अधिक कष्ट केले, तीच वर्षे कागदावर रिकामी दिसतात.

शिलेदार आणि बारगीर

वस्तुतः मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. इंग्रजीतील ‘फ्रीलान्स’ हा शब्दही मूळचा असाच लष्करी आहे. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’ या १८१९ च्या अखेरीस प्रकाशित झालेल्या कादंबरीत तो मोलाने लढणाऱ्या भालाइतांसाठी आला आहे. आजचा मुक्त व्यावसायिक हा शिलेदारच होय. संगणक त्याचा, विजेचे बिल त्याचे, बसण्याची जागाही त्याचीच. मोहीम नसली म्हणून शिलेदाराच्या घोड्याला चारा लागत नसे असे नाही. तद्वत काम नसलेल्या महिन्यांतही या माणसाला आपली विद्या जागती ठेवावी लागते, नवी कामे शोधावी लागतात आणि जुन्या कामांचे पैसे वसूल करावे लागतात.

नोकरीचा काळ सलग असतो. सुट्या कामाचा काळ तुकड्यातुकड्यांचा असतो. हा फरक बायोडेटाच्या रकान्यांना ठाऊक नसतो. ‘आस्थापनेचे नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख’ हे रकाने नोकरदारासाठी आखलेले आहेत. समजा, एखाद्या भाषांतरकर्तीने तीनशे पानांचे पुस्तक अनुवादासाठी घेतले. जानेवारी ते मार्च तिने रात्रंदिवस काम केले. एप्रिलमध्ये हस्तलिखित तपासणीला गेले, मेमध्ये दुरुस्त्या झाल्या आणि मोबदला जुलैमध्ये हाती आला. तिच्या बँकेच्या पासबुकात राबण्याचे महिने कोरे आणि वाट पाहण्याचा महिना भरलेला दिसेल. उत्पन्नात खंड पडला; पण कामात खंड कोठे पडला, हे पासबुकावरून सांगता येणार नाही. जे पासबुकाचे, तेच बायोडेटाचे.

संशयाची यंत्रणा

पूर्वी मुलाखत घेणारा निदान समोरच्याचे बोलणे ऐकून घेत असे. आता पुष्कळ ठिकाणी माणसाची गाठ पडण्यापूर्वीच कागदांची छाननी होते. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. कोणत्या मालकाने कोणत्या महिन्याची वर्गणी भरली, हे त्यावरून दिसते. सभासदाच्या सोयीची ही व्यवस्था खाजगी कंपन्यांच्या पडताळणीत नोकरीचा पुरावा म्हणूनही वापरली जाऊ लागली. ज्याला मालकच नाही, त्याच्या खात्यात वर्गणी कोण भरणार? साहजिकच त्याचे महिने कोरे राहतात आणि कोरा महिना म्हणजे बेकारीचा महिना असे गृहीत धरले जाते.

या कोऱ्या जागेची किंमत किती मोठी असते, याचा एक पुरावा अमेरिकेतून मिळतो. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेथील सुमारे तीन हजार जाहिरातींना उत्तर म्हणून बारा हजारांच्या आसपास काल्पनिक अर्ज पाठविले होते. अर्जदार किती महिने नोकरीविना आहे, ही बाब त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी बदलत ठेवली. नोकरीविना काळ जसजसा लांबला, तसतशी मुलाखतीची बोलावणी कमी झाली, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. म्हणजे अर्जदाराची पात्रता काय हे पाहण्याआधीच त्याच्या रिकाम्या महिन्यांनी निकाल दिला. अमेरिकेतील अनुभव जसाच्या तसा येथे लागू होईल असे नाही. परंतु मुलाखतीच्या खोलीतील ती हलणारी मान कोणत्याही एका देशाची नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

अर्थात नोकरी देणाऱ्याच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे. ज्याला तो घेणार, त्याच्या हाती पैसा, माणसे वा विद्यार्थी सोपवायचे असतात. उमेदवार कोठे भांडून तर निघाला नाही ना, काही गैरव्यवहारामुळे त्याला काढून टाकलेले नाही ना, दोन-तीन वर्षे सराव सुटल्यामुळे त्याचे ज्ञान शिळे झालेले नाही ना, आणि मोकळेपणाची सवय लागलेला हा माणूस चार महिन्यांत पुन्हा निघून तर जाणार नाही ना, या शंका अवाजवी नाहीत. त्या विचारल्याच पाहिजेत. गफलत होते ती पुढेच. या चारही शंकांची उत्तरे माणसाच्या कामात सापडतात, तारखांच्या सलगपणात नव्हे. एकाच कचेरीत दहा वर्षे बसून शिळे झालेले ज्ञान तारखांच्या तक्त्यात ताजेच दिसते.

खंड कोणी पाडला?

या प्रश्नाकडे आपल्या जुन्या कामगार कायद्याने अधिक समंजसपणे पाहिले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत ‘सलग सेवा’ म्हणजे काय याची व्याख्या आली. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम यांमुळे सेवेत आलेला अडथळा हा खंड समजू नये, असे त्या व्याख्येने सांगितले. मागील बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम केलेल्याची सेवा वर्षभर सलग मानावी, असेही तीत होते. गिरणगावातला बदली कामगार पाळीच्या वेळी गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याला आत घेतले जाई, नसेल तर तो घरी परते. अशा माणसाच्या कामाचे दिवस मोजण्याची काही रीत असली पाहिजे, हे कायद्याने ओळखले. तो कायदा आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आहे आणि मुक्त व्यावसायिक हा त्याच्या अर्थाने ‘कामगार’ कधीच नव्हता, हे खरे. तथापि त्यामागचे तत्त्व कोणत्याही मुलाखतकाराने ध्यानी घ्यावे असे आहे. खंड पडला की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या दोषाने पडला, हेही पाहावे लागते.

शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सेवेत मुद्दाम पाडलेला ‘तांत्रिक खंड’ ही आपल्या शिक्षणसंस्थांची आणि सरकारी कचेऱ्यांची जुनी ओळखीची युक्ती आहे. नेमणूक काही महिन्यांची द्यायची, मग एकदोन दिवसांची विश्रांती दाखवायची आणि पुन्हा नवी नेमणूक द्यायची. हरियाणात शाळेच्या वर्षारंभी शिक्षकांना हंगामी नेमून उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी मोकळे करण्याची प्रथा होती. रतनलाल विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर कोरडे ओढले, ती राज्यघटनेच्या चौदाव्या आणि सोळाव्या कलमांचा भंग करणारी ठरविली आणि त्या वेळी सेवेत असलेल्या अशा शिक्षकांना सुटीचेही वेतन देण्याचा आदेश दिला. असे असूनही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे प्राध्यापक आजही वर्षातले काही महिने मानधनाविना काढतात. घड्याळी तासांवर मोजलेली ही त्यांची वर्षे पुढे कायम पदाच्या मुलाखतीत ‘सलग अनुभव नाही’ या शेऱ्याला पात्र ठरतात. खंड पाडावा व्यवस्थेने आणि त्याचा जाब द्यावा शिक्षकाने, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत तो अधिकच बोचरा होतो. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळाली. ती रजा सेवेतच मोजली जाते. तिच्या बायोडेटात त्या सहा महिन्यांची खूणही उरत नाही. घरी बसून हिशेब वा भाषांतरे करणाऱ्या स्त्रीला मात्र मालकच नसल्याने रजाही नाही. मूल दोघींनाही झालेले असते; फरक एवढाच, की एकीच्या कागदावर रजा दिसते आणि दुसरीच्या कागदावर खंड. वृद्ध सासूसासऱ्यांची शुश्रूषा, स्वतःचे दुखणे, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यावर आटलेली कामे यांचीही गत हीच आहे.

उमेदवाराचे कर्तव्य

तरीही केवळ व्यवस्थेला बोल लावून उमेदवाराची सुटका होणार नाही. सुटी कामे करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दप्तर अव्यवस्थित असते. काम तोंडी ठरते, पैसे मिळाले की बिल फेकून दिले जाते आणि तीन वर्षांनी कोणी विचारले तर आठवणीवाचून पुरावा उरत नाही. दुकानदार रोजकीर्द लिहितो. विद्या विकणाऱ्याने ती न लिहिण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बायोडेटात प्रत्येक छोटे काम वेगळी नोकरी म्हणून मांडू नये. तसे केले की दोन कामांमधल्या प्रत्येक फटीतून एक नवा खंड डोकावतो. ‘स्वतंत्र व्यावसायिक, जुलै २०२१ ते मार्च २०२४’ असे एकच शीर्षक द्यावे आणि त्याखाली महत्त्वाची चार-पाच कामे लिहावीत. काम कोणत्या स्वरूपाचे होते, किती मोठे होते आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे एकेका वाक्यात यावे. एखाद्या ग्राहकाचे नाव न सांगण्याचा करार असेल, तर ‘औषधनिर्मिती क्षेत्रातील एक कंपनी’ एवढे म्हटल्याने काही बिघडत नाही. नाव लपविणे आणि काम लपविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट पुराव्याची. करारपत्र वा निदान काम ठरल्याचे पत्र, क्रमांक घातलेली बिले, बँकेतील जमेच्या नोंदी आणि भरलेली प्राप्तिकर विवरणपत्रे एका फाइलीत असावीत. अनेक ग्राहक मोबदला देताना कर कापून सरकारजमा करतात आणि ती कपात करदात्याच्या नावावर नोंदली जाते. त्या महिन्यांत काम झाले होते, याचा हा तटस्थ साक्षीदार होय. जुलै २०२० पासून सूक्ष्म उद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली आहे. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यालाही ती विनाशुल्क करता येते. काम संपताच ग्राहकाकडून चार ओळींचे पत्र मागून घेण्याची सवय तर सर्वांत मोलाची. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागण्यात कोणाला संकोच वाटत नाही. मग काम पुरे केल्यावर तो का वाटावा?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. काही महिने खरोखरच रिकामे गेलेले असतात. काम मिळाले नाही, प्रकृतीने साथ दिली नाही वा घरच्या अडचणीने हात बांधले. अशा वेळी एका सरळ वाक्यात तसे सांगावे आणि पुढे जावे. आजाराचे नाव, घरातली भांडणे, बँकेतली शिल्लक यांचा पाढा वाचण्याची गरज नाही. तसा तो वदवून घेण्याचा अधिकारही कोणाला नाही. ‘२०२२ चे सहा महिने वडिलांच्या आजारपणात गेले, त्यानंतर ही दोन कामे पुरी केली’ इतके उत्तर पुरेसे आणि सन्मानाचे आहे.

परंतु येथेच मोह उभा राहतो. आधीच्या नोकरीची तारीख सहा महिने पुढे ओढावी, मेहुण्याच्या फर्मचा दाखला जोडावा किंवा पैसे मोजून अनुभवाचा कागद विकत घ्यावा, असे सल्ले देणारे जागोजागी भेटतात. पडताळणीत हे उघडकीस आले तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाते आणि मग जो डाग लागतो, तो कोणत्याही खंडापेक्षा गडद असतो. मात्र या खोटेपणाचा दोष एकट्या उमेदवाराच्या माथी मारून भागणार नाही. खरे सांगणाऱ्याचा अर्ज बाजूला पडत असेल आणि खोटा कागद जोडणाऱ्याला बोलावणे येत असेल, तर त्या मुलाखतीने तरुणांना कोणता धडा दिला? वर्गात सत्याचे पाठ देणाऱ्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याला नोकरीच्या दारात कोणता सल्ला द्यावा? या विषयातील खरा धोका येथे आहे. एका उमेदवाराची नोकरी हुकणे ही त्याच्या घरची आपत्ती. पण प्रामाणिक उत्तर तोट्याचे ठरणे ही साऱ्या समाजाची आपत्ती होय.

नोकरी देणाऱ्यांचे आणि शासनाचे

म्हणूनच रकाने आखणाऱ्यांनी आपले रकाने पुन्हा पाहिले पाहिजेत. अर्जाच्या नमुन्यात ‘स्वतंत्र व्यवसाय’ असा एक रकाना घालण्यास खर्च येत नाही. २०२२ मध्ये लिंक्डइनने आपल्या व्यावसायिक ओळखपत्रात कारकिर्दीतील विरामाची उघड नोंद करण्याची सोय केली. विराम ही लपविण्याची गोष्ट नाही, एवढे तरी त्यामुळे मान्य झाले. ज्ञान शिळे झाल्याची शंका असेल तर अर्ध्या दिवसाचे प्रत्यक्ष काम देऊन पाहावे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीबरोबरच कराच्या नोंदी व ग्राहकांची पत्रेही पुरावा म्हणून स्वीकारावीत.

शासनाची जबाबदारी याहून मोठी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मालक-नोकर संबंधाबाहेर काम करून मिळवणाऱ्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. विमा, अपघात, आरोग्य, वृद्धापकाळ यांसाठी योजनांची भाषा तीत आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण या माणसांच्या अनुभवाला बाजारात आणि सरकारी भरतीत काय किंमत मिळावी, हा प्रश्न अद्याप सुटायचा आहे. शासन स्वतःच हजारो माणसांना कंत्राटावर आणि तासांवर राबवून घेते. त्यांनी प्रत्यक्ष केलेल्या कामाचा हिशेब करून तसा दाखला देणे आणि भरतीच्या वेळी तो मानणे, एवढी सुरुवात शासनाने आपल्या घरापासून केली तर खाजगी क्षेत्राला उपदेश करण्याचा अधिकार त्याला प्राप्त होईल.

मुलाखतीच्या खोलीतील तो प्रश्न बंद व्हावा, असे कोणी म्हणणार नाही. तो जरूर विचारावा. मात्र विचारणाऱ्याने उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. ‘मधल्या काळात आपण काय करीत होता?’ या वाक्याचा सूर थोडा बदलला, तर ते आरोपपत्र न राहता निमंत्रण होऊ शकते. उमेदवाराने आपली फाइल उघडावी, केलेली कामे टेबलावर मांडावीत आणि रिकामे गेलेले महिनेही न लाजता सांगावेत. पलीकडच्या तिघांनी तारखांच्या फटी मोजण्यापूर्वी ती कामे वाचावीत.